नखांवरचा कापूस

गेल्या हिवाळ्यात आमच्या आसेगावच्या घरी लग्न होतं. माझ्या धाकट्या भावाच्या थोरल्या मुलीचं. मेंदीच्या आदल्या दिवशी दुपारी घरातल्या सगळ्या पोरी एका मोबाईलभोवती गोळा झाल्या होत्या. मला वाटलं, नवरदेवाचा फोटो आला असेल. जवळ जाऊन पाहिलं तर पडद्यावर कुण्या नवरीची नुसती बोटं. दहा नखं आणि दहा नखांवर दहा चित्रं. कुठे फूल, कुठे चांदणी, कुठे जरीच्या काठासारखी सोनेरी रेघ. शहरातल्या पार्लरमध्ये चौकशी करून झाली होती. दोन हातांचे जे पैसे सांगितले होते, तेवढ्यात नवरीची एक साधी साडी आली असती. पोरींचे चेहरे उतरले होते.

त्यांच्यातली सर्वांत लहान, बारावीला असलेली माझी भाची मात्र उठली, बांगड्यांच्या दुकानात गेली आणि पाच बाटल्या घेऊन आली. लाल, पांढरी, पिवळी, सोनेरी आणि एक बिनरंगाची. ओसरीत जुना पेपर अंथरला. त्यावर टाचण्या, उदबत्तीच्या उरलेल्या काड्या, टिकल्यांचं पाकीट, सेलोटेप आणि भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा असं सगळं मांडलं. मी म्हटलं, "हे काय, भातुकली मांडली की काय?" ती म्हणाली, "फुफी, दोन घंटे थांबा. मग सांगजा."

फुफी म्हणजे आत्या. फुफी दोन घंटे थांबली आणि थक्क झाली. आज जे सांगणार आहे ते बरंचसं त्या पोरीच्या हाताशी बसून शिकलेलं आहे, आणि थोडं नंतर पुस्तकं चाळून समजून घेतलेलं.

आधी या बाटलीत असतं काय ते पाहू. आपण 'नेलपॉलिश' म्हणतो, पण पॉलिश म्हणजे घासून आणलेली चकाकी. हा तर सरळसरळ रंग आहे. नखाला लावायचा, पातळ आणि लवकर सुकणारा. आणि त्याचा मुख्य घटक ऐकून मी चकितच झाले. तो घटक म्हणजे नायट्रोसेल्युलोज, आणि तो बनतो कापसापासून किंवा लाकडाच्या लगद्यापासून. आपल्याकडे जिनिंगमध्ये रुई निघाली की सरकीला बारीक लव चिकटून राहते, ती तुम्ही पाहिली असेल. ती लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. तिच्यावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. पाण्यात ते विरघळत नाही, पण अॅसिटोन, इथाइल अॅसिटेट यांसारख्या उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळतं. नखावर लावलं की द्रव उडून जातो आणि मागे राहतो तो पातळ, कडक, चकचकीत पापुद्रा. तो लवचीक राहावा, नखाला धरून राहावा, रंगीत दिसावा म्हणून त्यात राळेसारखे पदार्थ, रंगद्रव्यं आणि अभ्रकाची पूड घालतात. बाकी किमया कापसाचीच.

माझी अम्मी आयुष्यभर कापूस वेचायला जायची. सुकलेल्या बोंडाची टोकं किती बोचतात ते वेचणारीलाच ठाऊक. वेचणीच्या दिवसांत तिच्या नखांच्या कडा चिरलेल्या असायच्या. तिच्या नखांना रंग कधी लागला नाही. रात्री चिमणीच्या उजेडात ती त्या चिरांना तेल लावत बसायची. आणि त्याच कापसाच्या जातीची एक वस्तू बाटलीत बसून शहरातल्या बायांच्या बोटांवर चमकत होती, हे तिला कुणी सांगितलं असतं तर तिनं विश्वास ठेवला नसता. ती म्हणाली असती, "कायबी सांगते, कापूस का नखाले लावतेत?"

या पदार्थाचा शोध १८४६ सालचा. बाझेल शहरात क्रिश्चन श्योनबाइन नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगतात. घरच्या स्वयंपाकघरात त्यांच्या हातून आम्ल सांडलं. घाईघाईनं त्यांनी बायकोचा सुती एप्रन घेऊन पुसलं आणि तो शेगडीपाशी वाळत टाकला. वाळताक्षणी एप्रन भपकन जळून नाहीसा झाला. गोष्ट खरी असो वा रचलेली, पण कापसापासून स्फोटक तयार झालं ते असं. त्याच कुळातल्या सौम्य प्रकारापासून पुढे सिनेमाची फिल्म बनली. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' अशाच फिल्मवर चित्रित झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर मोटारींना लवकर सुकणारा रंग हवा होता, तोही यातूनच आला. मोटारीचा चकचकीत रंग पाहून नखांच्या रंगाला नवं वळण मिळालं. १९३२ साली न्यूयॉर्कमध्ये रेव्हलॉन कंपनी सुरू झाली ती नखांच्या अशा दाट, अपारदर्शक रंगावरच. आपल्या देशात १९५२ साली टाटांनी लॅक्मे सुरू केली. हे नाव एका फ्रेंच ऑपेराच्या नायिकेचं, आणि तिचं नाव आपल्या लक्ष्मीवरून आलेलं. म्हणजे लक्ष्मी फ्रान्सला जाऊन, नाव बदलून परत आली आणि खेडोपाडीच्या बांगड्यांच्या दुकानात बसली.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. भाचीनं सुरुवात रंगानं केली नाही, साबणानं केली. नखावर तेलाचा अंश असला तर रंग धरत नाही, दुसऱ्याच दिवशी टवके उडतात. म्हणून हात धुऊन, कोरडे करून, रिमूव्हरचा बोळा एकदा नखांवरून फिरवायचा. नखं कानशीनं एकाच दिशेनं घासायची. पुढे-मागे करवतीसारखं घासलं तर कड फाटते. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते ती कापायची नाही. ती नखाच्या दाराची कडी आहे. ती कापली की जंतूंना वाट मोकळी होते.

मग बिनरंगाचा एक हात. हा हात पुष्कळ जणी आळसानं टाळतात. पण गडद लाल, मरून असे रंग थेट नखावर लावले तर रंग काढल्यावर नख पिवळं दिसतं. बिनरंगाचा थर मधे असला की ते टळतं. बाटली हलवायची असेल तर खळाखळा हलवू नका, हवेचे बुडबुडे होतात आणि ते नखावर उमटतात. दोन तळव्यांत धरून लाटण्यासारखी फिरवा.

ब्रशाचे फटकारे तीनच. पहिला मधोमध, मुळाकडून टोकाकडे. मग एक उजवीकडे, एक डावीकडे. कातडीला रंग टेकू द्यायचा नाही, केसाएवढी जागा सोडायची. थर पातळ हवा. एक जाड थर लावण्यापेक्षा दोन पातळ थर केव्हाही बरे, कारण जाड थराची वरची साय आधी सुकते आणि आतला ओलावा तिथेच अडकून राहतो. मग पांघरूण ओढलं की त्याचा ठसा नखावर उठतो. दोन थरांमध्ये तीन-चार मिनिटं थांबा. बोटाला सुकल्यासारखं लागलं तरी आतून पुरतं कडक व्हायला काही तास जातात. म्हणून हे काम धुणी-भांडी उरकल्यावरचं.

आपला उजवा हात डाव्या हातानं रंगवताना सगळ्यांचीच पंचाईत होते. त्यावर युक्ती अशी, की दोन्ही मनगटं पाटावर टेकवायची आणि ब्रश स्थिर धरून रंगवायचं बोटच हळूहळू फिरवायचं. बाहेर गेलेला रंग लगेच बोटानं पुसू नये. काडीच्या टोकाला कापूस गुंडाळून, रिमूव्हरमध्ये बुडवून कड साफ करावी.

इथपर्यंत झाला नुसता रंग. नक्षी यापुढची.

सगळ्यात सोपी नक्षी ठिपक्यांची. ज्या बाईनं दारात ठिपक्यांची रांगोळी काढली आहे तिला ही शिकवावी लागत नाही. कागदावर रंगाचा एक थेंब घ्यायचा, टाचणीचं गोल डोकं त्यात टेकवायचं आणि नखावर अलगद ठेवायचं. ठिपका मोठा हवा तर उदबत्तीच्या काडीचं बोथट टोक घ्या. रिकाम्या रिफिलचं टोकही छान चालतं. पाच ठिपके गोलात, मधे एक वेगळ्या रंगाचा, की झालं फूल. दोन ठिपके शेजारी-शेजारी ठेवून ते ओले असतानाच टाचणीच्या अणकुचीदार टोकानं खाली ओढले की बदाम. एकच ठिपका ओढून शेपटी वळवली की कोयरी. प्रत्येक ठिपक्याला टाचणी नव्यानं रंगात बुडवा, नाहीतर ठिपके उतरत्या भाजणीचे होतात.

दुसरी नक्षी टिकलीची. नखाच्या मुळाशी गोल टिकली अशी चिकटवायची की तिचा अर्धाच भाग नखावर येईल. उरलेलं नख रंगवायचं आणि रंग जरा ओला असतानाच टिकली उचलायची. खाली स्वच्छ अर्धचंद्र राहतो. पार्लरमध्ये यासाठी खास कागद मिळतात म्हणे. आमच्या घरी मुसलमान असूनही टिकल्यांचं पाकीट कसं, असं कुणी विचारेल. शेजारच्या घरातून आलं. लग्नघर एकाचं असलं तरी सामान दोन घरांचं असतं.

तिसरी रेघांची. हिला सेलोटेप लागतो आणि धीर लागतो. खालचा रंग किमान अर्धा तास सुकलेला हवा, नाहीतर टेप काढताना तोही निघून येतो. टेपची पट्टी आधी हाताच्या पाठीवर एकदा चिकटवून काढायची, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो. मग ती नखावर तिरपी लावायची, मोकळ्या जागेत दुसरा रंग भरायचा आणि रंग ओला असतानाच टेप ओढून घ्यायचा. सुकल्यावर ओढला तर कड फाटकी येते. सोनेरी रंगाची अशी एकच रेघ नखाच्या टोकाशी द्या, नख पैठणीचा काठ नेसल्यासारखं दिसतं.

चौथी स्पंजाची, म्हणजे एक रंग दुसऱ्यात मिसळत जाणारी. स्पंजाच्या तुकड्यावर दोन रंगांचे पट्टे शेजारी-शेजारी लावायचे आणि नखावर टिपकागदासारखं हलकेच दाबायचं. घासायचं नाही. दोन-तीनदा दाबलं की मधली सीमा विरघळते. वरून बिनरंगाचा हात दिला की खडबडीतपणा जातो.

आणि पाचवी, जिच्यासाठी सगळ्या पोरी ओट्यावर चढून बसल्या होत्या, ती पाण्याची. वाटीत साधं पाणी घ्यायचं, माठातलं गार नको. त्यावर अगदी जवळून रंगाचा एक थेंब सोडायचा. थेंब पसरून पाण्यावर पातळ चकती होते. तिच्या मध्यावर दुसऱ्या रंगाचा थेंब, मग परत पहिल्याचा. लाकूड कापल्यावर दिसतात तशी वलयं होतात. टाचणीनं ती वलयं ओढून नक्षी करायची आणि नख आडवं बुडवायचं. बोट बाहेर काढण्याआधी पाण्यावरचा उरलेला रंग काडीनं गोळा करून घ्यायचा, नाहीतर वर येताना तोही चिकटतो. बोटाच्या कातडीला आधी पांढऱ्या फेविकॉलचा हात दिला असेल तर नंतर तो पापुद्र्यासारखा निघून येतो आणि बोट स्वच्छ राहतं. रंग पाण्यावर का पसरतो? कारण त्यातला द्रव पाण्यात पटकन मिसळत नाही आणि पाण्याचा पृष्ठभाग त्याला ताणून धरतो. बाटली जुनी असेल, रंग दाट झाला असेल, तर थेंब पसरत नाही, सरळ बुडतो.

पोरींनी सुरुवातीला मोबाईलमधली चित्रं उतरवायचा प्रयत्न केला. कुठे ताडाची झाडं, कुठे बर्फाचे कण. मी म्हटलं, "अगं, बर्फ कोणी पाह्यला आपल्याकडे? वावरात जाऊन या एकदा." आमच्या मंगरुळपीर तालुक्यात बघायला काय कमी आहे? कपाशीचं फूलच घ्या. पहिल्या दिवशी ते दुधाळ पिवळसर असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होत जातं. स्पंजानं पिवळ्यातून गुलाबीत जाणारं नख काढलं की कपाशीचे दोन दिवस एका नखावर आले. फुटलेलं बोंड म्हणजे पांढरे चार ठिपके आणि खाली तपकिरी टोकं. फाल्गुनातला पळस म्हणजे केशरी कोयऱ्या आणि काळं देठ. तांड्यावरच्या बंजारा बायांच्या कांचळीवरचे आरसे म्हणजे चंदेरी ठिपका आणि त्याभोवती बारीक ठिपक्यांचं कडं. नवरीच्या अंगठ्यावर शेवटी बोंडच आलं. तिच्या दादीची आठवण म्हणून.

आता ज्या चुका घरोघर होतात त्या सांगते, कारण त्यांतल्या काही महागात पडतात. पहिली आगीची. ज्या कापसापासून स्फोटक झालं त्याचं हे सौम्य भावंड आहे हे विसरू नका. बाटलीतला रंग आणि रिमूव्हर दोन्ही भडका घेतात. त्यांची वाफ गॅसच्या शेगडीपर्यंत पोचू शकते. चूल, शेगडी, देवघरातला दिवा, पेटलेली उदबत्ती यांच्याजवळ हा उद्योग करायचा नाही. खिडकी उघडी असावी. ओला बोळा चुलीत टाकू नये. लहान मुलांच्या हाताशी बाटली ठेवू नये.

दुसरी उन्हाळ्याची. आमच्याकडे वैशाखात दुपारी रंग लावला तर ब्रश फिरेपर्यंत सुकतो आणि फोड येतात. संध्याकाळी, गारव्याला लावावा. बाटली दाट झाली की पोरी तिच्यात रिमूव्हर ओततात. तेवढ्यापुरता रंग पातळ होतो, पण त्याचा पापुद्रा कच्चा होतो.

तिसरी बाटली निवडण्याची. स्वस्त घ्या, पण निनावी घेऊ नका. बाटलीवर किंवा खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि तारीख हवी. जुन्या प्रकारच्या नखरंगांत टोल्युइन, फॉर्मल्डिहाइड आणि डायब्युटाइल थॅलेट ही तीन द्रव्यं असायची. यांतल्या शेवटच्यावर युरोपीय संघानं २००४ साली सौंदर्यप्रसाधनांत बंदी घातली. आता अनेक कंपन्या ही तिन्ही द्रव्यं वापरत नाहीत आणि तसं बाटलीवर लिहितात. ते वाचायची सवय लावून घ्यावी.

चौथी चूक रंग खरवडून काढण्याची. ती मी केलेली आहे, तिची गोष्ट पुढे येते. रंग खरवडला की त्याच्यासोबत नखाचे वरचे पदर निघतात. रिमूव्हरचा बोळा नखावर अर्धा मिनिट दाबून धरायचा, आतला रंग विरघळू द्यायचा आणि मग टोकाकडे एकदाच पुसून घ्यायचा. चमकीचा रंग असेल तर जास्त वेळ धरायचा. नंतर हात धुऊन खोबरेल चोळायचं, कारण अॅसिटोन नख कोरडं करतो. नखाला 'श्वास घेऊ द्यावा' असं पुष्कळ जणी म्हणतात. दिसणारं नख निर्जीव असतं, ते श्वास घेत नाही. जिवंत असतो तो मुळाशी कातडीखाली असलेला भाग. त्याला हवा-पाणी रक्तातून मिळतं. तरीही मधूनमधून नखं उघडी ठेवावीत, याचं कारण वेगळं आहे.

कारण असं, की नख ही शरीराची खिडकी आहे. रक्त कमी असलं की नखाखालचा गुलाबीपणा जातो. लोह फार दिवस कमी राहिलं तर नख चमच्यासारखं खोलगट होतं. प्राणवायू कमी पडला तर निळसर होतं. म्हणूनच शस्त्रक्रियेच्या आधी नखांचा रंग काढायला सांगतात. २०२० साली करोनाच्या दिवसांत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणारे आरोग्यसेवक आपण सर्वांनी पाहिले. त्या चिमट्यातला प्रकाश बोटातून आरपार जातो. गडद रंग मधे आला तर आकडा चुकू शकतो. आमच्या दाराशी आलेल्या ताईंनी भाचीचं बोट बाजूला सारून म्हटलं होतं, "बाई, एक नख तरी मोकळं ठेवत जा." तेव्हापासून आमच्या घरी एक नख मोकळं असतं. नऊ नखं हौसेची, एक डॉक्टरचं. ज्या घरी बाई सारखी थकते, तिला चक्कर येते, तिथे रंगाची बाटली उघडण्याआधी तिची नखं उजेडात एकदा पाहा.

राहिली माझी गोष्ट. तिला मेंदीपासून सुरुवात करावी लागेल.

मेंदी आणि नेलपॉलिश दोन्ही नखं रंगवतात, पण त्यांचा धर्म वेगळा. मेंदीतलं लॉसोन हे द्रव्य नखातल्या केराटिनला जाऊन चिकटतं. ते नखाच्या वर बसत नाही, आत मुरतं. म्हणून मेंदी पुसता येत नाही. नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, आणि मेंदीचं लाल टोक वाढत वाढत, कापलं जात जात संपायला सहाएक महिने लागतात. नेलपॉलिश मात्र वर बसतं, झाकणासारखं. खाली पाणी जात नाही.

नमाजच्या आधी आम्ही वजू करतो, म्हणजे हात, तोंड, पाय धुतो. पाणी नखापर्यंत पोचायला हवं. म्हणून मेंदी चालते, नेलपॉलिशवर वजू होत नाही. पोलंडमधल्या इंग्लॉट कंपनीनं काही वर्षांपूर्वी पाण्याची वाफ आरपार जाऊ देणारा रंग काढला, तेव्हा जगभरच्या मुसलमान बायकांनी तो उचलला. त्यानं वजू होतो की नाही यावर जाणत्यांची मतं एक नाहीत. माझी भाची टिपकागदावर थेंब ठेवून प्रयोग करत बसते. मी माझ्यापुरती जुनी रीत धरून आहे.

जुन्या रीतीत बायकांना महिन्यातले काही दिवस नमाज माफ असते. ते दिवस तुम्हाला समजले. आमच्या लहानपणी पोरी त्या दिवसांतच नखं रंगवायच्या. ती आमची छोटी सुट्टी असायची. पण त्यात एक अडचण होती. रंगलेली नखं पाहिली की घरातल्या प्रत्येकाला न बोलता कळायचं. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी गुलाबी रंग लावून पेपरला निघाले होते. दारात वडीलधाऱ्यांपैकी एकाची नजर हातावर पडली आणि त्यांनी मान वळवली. रागावले नाहीत. नुसती मान वळवली. मी मागे फिरले, न्हाणीत जाऊन ब्लेडनं दहाही नखं खरवडली. पेपर लिहिताना नखं झोंबत होती. त्यानंतर मी कधी रंग लावला नाही. आता पन्नाशी उलटली, आणि ती महिन्याची सुट्टीही संपली. या वयात पाचही वेळा हजेरी लागते. हौस करायची राहूनच गेली, असं मी धरून चालले होते.

लग्नाच्या आदल्या रात्री इशाची नमाज झाली. मी अंथरूण घालत होते, तेवढ्यात भाची बाटल्या घेऊन पुढ्यात येऊन बसली. "फुफी, हात द्या."

"माझी नमाज आहे गं पहाटे."

"पहाटे हाये ना? आता तं नाही. इशा झाली, फज्रपर्यंत रात्र आपली. मी उठून पुसून देतो."

साधा हिशोब होता. इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता. मी हात पुढे केला. तिनं आधी ब्लेडच्या जुन्या रेघांवरून बोट फिरवल्यासारखं केलं. रेघा अर्थात नव्हत्या. नख सहा महिन्यांत नवं होतं, मधल्या इतक्या वर्षांत कितीदा झालं असेल. तिनं पांढऱ्या ठिपक्यांची बोंडं काढली, नऊ नखांवर. एक मोकळं ठेवलं. त्या रात्री मी दोन-तीनदा उठून मोबाईलच्या उजेडात हात पाहिले. अम्मीचेच हात. तिच्या हातांवर बोंडाच्या चिरा होत्या, माझ्या हातांवर बोंडं होती.

पहाटे अजानीच्या आधी भाची खरंच उठली. डोळे चोळत तिनं कापसाचे बोळे भिजवले आणि एकेका नखावर दाबून धरले. कापसानं कापूस पुसला गेला. मग मी मोरीपाशी जाऊन वजू केला. पाणी चांगलंच गार होतं, नखांपर्यंत पोचलं.

तेव्हापासून ती सुट्टीला घरी आली की एखाद्या रात्री आमची बैठक बसते. तुमच्या घरातही एखादी बाई अशी असेल, जी सगळ्यांच्या हातांवर मेंदी काढून देते आणि स्वतःचे हात पदराला पुसून उठते. पाच बाटल्या आणि एक टाचणी घेऊन तिच्यापुढे बसा. ती नाही म्हणेल. तिला विचारा, रात्र तर आपली आहे ना?